घरचा खवा आणि दूरदेशीचे गोड



आज मी तुमच्याशी गोडाधोडाविषयी बोलणार आहे. हा विषय बायकांचा, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून घरातल्या पुरुषमंडळींनी आणि शाळेतल्या गुरुजींनी रेडिओचा कान पिळू नये. या बोलण्यात दूध आहे, पैशाचा हिशेब आहे, थोडा इतिहास आहे आणि शाळेत मुलांसमोर करून दाखवण्यासारखा एक प्रयोगही आहे. मायबहिणींना मात्र माझी विनंती आहे, की हाताशी कागद-पेन्सिल असू द्या. मापे सांगणार आहे.

आपला धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या पठारावरचा. पाऊस बेभरवशाचा, माळरान मोठे आणि विहिरीचे पाणी थोडे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगायला नको, आणि २०१६ चा उन्हाळा तर कालपरवाचा. अशा मुलखात पीक हातचे गेले तरी घरात चार पैसे आणून देणारी गोष्ट म्हणजे दावणीची म्हैस. परंतु दूध ही मोठी नाजूक वस्तू आहे. वैशाखात सकाळी काढलेले दूध तसेच ठेवले, तर ते दुपार धरत नाही. बर्फाची यंत्रे नव्हती, रस्ते धड नव्हते, तेव्हा भूम-परंड्याच्या वाडीवरचे दूध शहराच्या बाजारापर्यंत जायचे कसे? या अडचणीला आपल्या माणसांनी जे उत्तर काढले, त्याचे नाव खवा. दुधातले पाणी जाळून टाकायचे आणि दुधाचा जीव तेवढा बाजाराला पाठवायचा. पाणी कमी झाले की नासणे लांबते. म्हणून दूध जिथे एक दिवस टिकत नाही तिथे खवा दोन-तीन दिवस तग धरतो, थंडीत त्याहून थोडा जास्त.

भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे ते निर्वाणक्षेत्र, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथेच सल्लेखना घेतली. जैन यात्रेकरू तिथे दूरदूरहून येतात. त्याच कुंथलगिरीचे नाव आज खव्याला आणि पेढ्याला लागले आहे. भूम, वाशी, परंडा या पट्ट्यातल्या भट्ट्यांवर तयार झालेला खवा मोटारीत चढतो आणि पुण्या-मुंबईकडे, हैदराबादकडे जातो. ही आपल्या जिल्ह्याला भूषणाची गोष्ट आहे, यात वाद नाही.

पण मला एक गोष्ट खटकते, ती स्पष्टच बोलते. ज्या घरातला खवा मोटारीत चढतो, त्याच घरात दिवाळीला गुलाबजामची पुडी विकत येते. त्या पुडीत असते काय? मुख्यतः मैदा आणि दुधाची भुकटी. म्हणजे अस्सल खवा आपण शहराला द्यायचा आणि आपल्या लेकरांना मैद्याच्या गोळ्या पाकात बुडवून घालायच्या! विकू नका असे मी म्हणत नाही. खवा विकला नाही तर पेंड कशाने आणायची आणि मुलांच्या वह्या कशाने आणायच्या, हे मला समजते. माझे म्हणणे एवढेच, की वर्षातून चार-दोन वेळा पाव किलो खव्यावर घरच्या पोरांचाही हक्क लावा. आणि ज्यांच्या घरी म्हैस नाही त्यांनी सव्वा लिटर दूध विकत घेऊन खवा घरी आटवावा. तो महाग पडतो का स्वस्त, ते आता पाहू.

गुरुजी, हे गणित तुमच्या वर्गासाठी आहे. म्हशीच्या एक लिटर दुधाचा खवा साधारण २०० ग्रॅम पडतो. गाईच्या दुधाचा त्याहून कमी, १७० ते १८० ग्रॅम. म्हणजे एक किलो खव्याला म्हशीचे पाच लिटर दूध लागले. आता मुलांना विचारा: गावातला दुधाचा लिटरचा भाव पाचाने गुणा, त्यात सरपण धरा, तास-दीड तासाची मजुरी धरा, आणि मग व्यापारी खव्याला जो भाव देतो तो त्याच्याशेजारी लिहा. ज्या दिवशी खव्याचा भाव दुधाच्या पाचपटीच्याही खाली उतरतो, त्या दिवशी भट्टी पेटवणे म्हणजे लाकूड आणि अंगमेहनत फुकट घालवणे होय. आणि बाजारात खवा या हिशेबाहून फारच स्वस्त मिळू लागला, तर त्यात दुधाखेरीज आणखी काहीतरी आहे, हे चौथीच्या मुलालाही कळावे.

ते आणखी काहीतरी बहुधा पिठूळ असते. त्याची परीक्षा सोपी आहे. हरभऱ्याएवढा खवा थोड्या पाण्यात उकळा, पाणी पुरते निवू द्या आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. पाणी निळे झाले की समजावे, त्यात पिष्ट म्हणजे स्टार्च मिसळले आहे. पिवळसरच राहिले तर निदान पिठाची भेसळ नाही. पाणी गरम असताना आयोडीन टाकू नये. निळा रंग उष्णतेने जातो आणि परीक्षा फसते. बटाट्याची फोड आणि खवा शेजारी शेजारी ठेवून हा प्रयोग केला, तर मुले तो जन्मभर विसरणार नाहीत.

आता खवा. दूध ताजे हवे. जरासे आंबुस झालेले दूध आटवताना फाटते, मग कितीही ढवळा, उपयोग नाही. कढई रुंद तोंडाची आणि जाड बुडाची घ्या. तोंड जेवढे रुंद तेवढे पाणी लवकर उडते, म्हणून भट्टीवरची कढई परातीसारखी पसरट असते. कढईत निम्म्याच्या वर दूध घालू नये. पहिली उकळी येईपर्यंत आच मोठी चालेल. उकळी आली की उलथने हातात घ्या आणि मग ते खाली ठेवू नका. कडेला साय धरते ती खरवडून आत घालीत राहायचे, बुड सतत खरवडायचे. दूध रबडीसारखे झाले, बुडबुडे जाड येऊ लागले, की आच कमी करा. खरा धोका इथून पुढे आहे. दहापंधरा मिनिटे दुर्लक्ष झाले नाही तर बरे, नाहीतर करपट वास लागतो आणि तो वेलदोड्याने झाकत नाही. गोळा कढईची कड सोडू लागला, उलथन्याबरोबर एकत्र फिरू लागला, की कढई उतरवा. उतरवल्यावरही कढईची ऊब त्याला आटवतच असते, हे ध्यानात ठेवून किंचित सैल असतानाच उतरवलेला बरा. एक लिटर दुधाला घरच्या चुलीवर पाऊण तास धरा. आणि कढईला चिकटलेली खरवड? ती ज्याने ढवळले त्याची. हा कायदा आमच्याकडे सगळ्या घरांतून पाळला जातो, फक्त ढवळायला कोणी नसते आणि खरवडीला सहाजण असतात.

खवेवाले खव्याचे प्रकार मानतात, ते घरातही माहीत असावेत. घट्ट आटवलेला, गोळा बांधलेला तो पिंडी खवा. तो पेढ्याला आणि बर्फीला. सैल, ओलसर, मऊ तो धाप, तो गुलाबजामला. आटवताना किंचित आंबट घालून रवाळ केलेला तो दाणेदार, तो कलाकंदाला. पिंडी खव्याचे गुलाबजाम करायला गेले की ते आतून कोरडे राहतात, आणि दोष मात्र करणारणीच्या हाताला येतो. गाईच्या दुधाचा खवा पिवळसर, चिकट आणि चवीला जरा खारट होतो. गाईचे दूध मुलांना प्यायला ठेवावे; खवा म्हशीचाच करावा.

गुलाबजाम हे नाव पाहा कसे आहे. गुलाब हा फारसी शब्द. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाबपाण्याने सुवासिक केलेल्या पाकात मुरलेले, जांभळाच्या आकाराचे, म्हणून गुलाबजाम. अरबांच्या मुलखात पिठाच्या गोळ्या तळून पाकात बुडवतात, त्याला लुकमत-अल-काझी म्हणतात. म्हणजे काझीसाहेबांचा घास. तेराव्या शतकातल्या बगदादच्या पाकशास्त्राच्या पुस्तकात तो पदार्थ आलेला आहे. त्यावरून कोणी म्हणेल की गुलाबजाम बाहेरून आला. पण आपल्या उमरग्याहून फार लांब नाही, आज कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावे, कसे खावे, याचे त्यात मोठे प्रकरण आहे. दूध आंबट घालून फाडावे, चोथा धुऊन फडक्यात बांधून निथळावा, त्यात तांदळाचे पीठ मिसळून गोळ्या कराव्या, त्या तळाव्या आणि साखरेच्या पाकात मुरवाव्या, असा एक पदार्थ तो सांगतो. तिथे फाडलेले दूध आहे, आपल्याकडे आटवलेले. बाकी रीत तीच. तेव्हा नाव फारसी, खवा भूमचा, तळून पाकात घालण्याची विद्या या दख्खनच्या मुलखात आठ-नऊशे वर्षांची. माझे मत विचाराल तर हा पदार्थ पाहुणा नाही.

जिलेबीचीही अशीच कुळकथा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी चक्क जिलेबीचा इतिहास शोधून काढला होता. अरबी ‘जलाबिया’ हे तिचे माहेर, आणि पंधराव्या शतकाच्या मध्यावरच्या एका जैन कथाग्रंथात ती पंगतीला बसलेली सापडते. असो, जिलेबी घरी करण्याच्या भानगडीत पडा असे मी सांगणार नाही. ती हलवायाच्या हातचीच खावी.

गुलाबजामचे माप घ्या. धाप खवा पाव किलो, म्हणजे सव्वा लिटर दुधाचा. मैदा ५० ग्रॅम. खायचा सोडा एक चिमूट. चिमूट म्हणजे दोन बोटांची, तीन बोटांची नव्हे. खवा आधी एकटाच तळहाताने परातीत रगडून लोण्यासारखा मऊ करा, त्यात एकही कण राहता कामा नये. मग मैदा आणि सोडा मिसळा आणि लागेल तेवढाच दुधाचा हात लावून सैलसर मळा. पंधरा मिनिटे ओल्या फडक्याखाली ठेवा. पाक करायला अर्धा किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी. साखर विरघळून उकळी आली की चमचाभर दूध घाला, मळी वर येते ती काढून टाका. आणखी पाच-सात मिनिटे उकळले की बोटाला चिकट लागतो. तार धरू द्यायची नाही. पाक एकतारी झाला की तो गोळीच्या आत शिरत नाही.

याच्या वीसएक गोळ्या होतात. हाताला तूप लावून, भेग न ठेवता वळा. तुपात किंवा तेलात आधी एकच गोळी सोडून पाहा. ती फुटून पसरली तर मळलेल्यात चमचाभर मैदा आणखी घाला. दगडासारखी राहिली तर दुधाचे चार थेंब. आच अगदी मंद ठेवा. गोळी आधी तळाशी बसावी आणि मग हळूच वर यावी, असे तेल असले पाहिजे. कडकडीत तेलात ती मिनिटात लाल होते आणि आत कच्ची राहते. तळताना झाऱ्याने गोळीला न टोचता तेलालाच फिरवावे, म्हणजे रंग चोहीकडून सारखा येतो. निथळून कोमट पाकात घाला आणि तीन तास हात लावू नका. हे शेवटचे सगळ्यांत अवघड आहे. उरलेला पाक फेकू नये. त्यात तूप आणि कणीक भिजवून शंकरपाळी करावी.

आता दुसरा पदार्थ, शीरखुर्मा. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळाच्या कडू आठवणी आहेत, त्या कोणी पुसू म्हणेल तर पुसल्या जाणार नाहीत. परंतु ईदच्या सकाळी शेजारच्या घरातून शीरखुर्म्याचा वाडगा येतो आणि दिवाळीला आपल्याकडचे ताट त्या घरी जाते, हाही परंड्या-नळदुर्गापासून गावोगाव चालत आलेला रिवाज आहे. शीर म्हणजे फारसीत दूध. आपला संस्कृत शब्द क्षीर, आपली खीर आणि त्यांचे शीर, ही एकाच घरची भावंडे आहेत. खुर्मा म्हणजे खजूर. या खजुराची वाटही जुनी आहे. आपले तेर, म्हणजे गोरोबाकाकांचे तेर, त्याला दोन हजार वर्षांपूर्वी तगर म्हणत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असे तो लिहितो. तगरचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई, आणि त्याच भडोचला इराणच्या आखातातून खजूर येई, हेही तोच लिहितो. परतीचे गाडे रिकामे आले नसतील, असा तर्क करायला हरकत नाही.

शीरखुर्म्याला बाजारच्या शेवया आणायचे कारण नाही. उन्हाळ्यात पापड-कुरडयांबरोबर आपण ज्या शेवया करून वाळवतो त्याच घ्या, फक्त बारीक निवडा. बारा खारका रात्री दुधात भिजत घाला, सकाळी बिया काढून उभ्या पातळ चिरा. एक लिटर दूध मंद आचेवर पाऊण होईपर्यंत आटवा. दुसऱ्या भांड्यात दोन चमचे तुपावर चारोळी, बदामाचे काप आणि खारका परता आणि काढून ठेवा. त्याच तुपात दोन मुठी शेवया बदामी भाजा. हे सगळे दुधात सोडून दहा मिनिटे शिजवा. हातशेवया जाड असतील तर वेळ जास्त लागेल. शेवटी अर्धी वाटी साखर. खारकांचा गोडवा असतो, म्हणून साखर बेताने. बदाम महाग वाटले तर शेंगदाण्याचे कूट घालू नका, त्याने चव बदलते. नुसती चारोळी पुरे. साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर तो वितळवून, गाळून, गार करून, खाली उतरवलेल्या दुधात घाला. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटते.

पण हे झाले दूध असणाऱ्या दिवसांचे. चैत्र-वैशाखात चारा सरतो, म्हैस आटते, असलेले दूध चहाला आणि तान्ह्याला पुरत नाही. तेव्हा गोड करायचे कशाचे? त्यासाठी तिसरा पदार्थ मी मुद्दाम फार लांबून आणला आहे, मलायातून. त्याला दुधाचा थेंब लागत नाही आणि लागणारे सगळे जिन्नस तुमच्या घरात आहेत: साबुदाणा, नारळ आणि गूळ.

साबुदाण्याची गंमत अशी, की त्याचे नावच मलायी आहे. तिकडे सागू नावाचा ताडाच्या जातीचा वृक्ष असतो, त्याच्या खोडातले पिष्ट काढून त्याचे दाणे करतात. आपल्याकडे येतो तो साबुदाणा मात्र त्या झाडाचा नव्हे. तो तामिळनाडूतल्या सेलमकडच्या कारखान्यांत टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. असा सातासमुद्रापलीकडचा जिन्नस आपण एकादशीला बिनदिक्कत चालवून घेतला आहे! उपासाला खिचडी आणि वडे खाऊन कंटाळा आला असेल तर हे करून पाहा.

एक वाटी साबुदाणा घ्या. खिचडीसारखा भिजवू नका. आठ वाट्या पाणी खळखळा उकळू द्या आणि त्यात कोरडाच साबुदाणा सोडून ढवळत राहा. दहा-बारा मिनिटांत दाणे काचेसारखे होतात, मधोमध पांढरा ठिपका तेवढा राहतो. भांडे उतरवून झाकून ठेवा, दहा मिनिटांत ठिपकाही जातो. मग चाळणीत ओतून वरून गार पाणी सोडा, चिकट पेज वाहून जाते. निथळून लहान वाट्यांत दाबून भरा आणि त्या माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवा. तासाभरात वडी धरते. इकडे एक वाटी गूळ अर्धी वाटी पाण्यात उकळून गाळून घ्या. मलायात यासाठी ताडाचा काळसर गूळ वापरतात, तेव्हा आपला पांढरा-पिवळा देखणा गूळ राहू द्या, काळसर तोच घ्या. नारळ तुळजापूरच्या यात्रेहून आलेला घरात असतोच. तो खवून दीड वाटी कोमट पाण्याबरोबर वाटा, फडक्यातून पिळून दूध काढा आणि त्यात चिमूटभर मीठ घाला. मीठ विसरू नका, सगळी चव त्यावर आहे.

ताटलीत साबुदाण्याची वाटी उपडी करायची, तिच्यावर गार केलेला गुळाचा पाक आणि मग नारळाचे दूध ओतायचे, ढवळायचे नाही. एका नारळात पाच-सहा जणांचे होते. नारळाचे दूध उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतही धरत नाही, म्हणून खायच्या वेळीच काढावे. आणि पिळून उरलेला चव टाकू नका. तव्यावर कोरडा परतून दुसऱ्या दिवशी लसणाच्या चटणीत घाला, भाकरीबरोबर चांगला लागतो.